नामदेवरावांची नळी

आमच्या घरात दोघं राहतात. मी आणि एक बंदूक.

त्यातली जास्त आवाज करते ती बंदूक. म्हणजे उडते वगैरे म्हणून नव्हे हो! दर रविवारी मी तिचं तेलपाणी करतो, तेव्हा खटका मागे ओढून सोडला की ती 'खटाक' म्हणते. आठवड्याभरात घरातलं संभाषण म्हणाल तर तेवढंच. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी वैशू पुण्यात, आणि दुपारची झोप झाली की घर खायला उठतं.

बंदूक वडिलांची. बारा बोअरची, विलायती, पाच बारांची. एक बार उडाला की नळी आपली आपण मागे सरकते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढचं आत घेते. वडील भाजीपाला पिकवायचे, पण हिवाळ्यात तलावावर बदकं उतरली की वांगी गेली उडत! पुढे शिकारीवर बंदी आली (बदकांचं बरं झालं), वडील गेले आणि परवाना पिकांच्या रक्षणासाठी म्हणून माझ्या नावावर झाला. रानडुकरांनी मला पहिल्याच हंगामात ओळखलं. माझ्यासमोर निवांत हरभरा खातात. कारण मी आजवर एक बार काढलेला नाही. मी फक्त पुसतो. लोखंडाला शिलाई मशीनचं तेल, लाकडाला जवसाचं. बायकोच्या दुखऱ्या गुडघ्यांना मी इतकं मन लावून तेल चोळलं असतं तर... जाऊ द्या.

"बाबा, इकून टाका ना ते बंदूक," वैशू फोनवर म्हणते. "अन या इकडं पुण्याले."

"तिथं काय करू?"

"इथं काय करता?"

मी म्हणतो, "बंदुकीची देखभाल."

तर मागच्या निवडणुकीची गोष्ट. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. मीही करून आलो. रविवारी सवयीप्रमाणे तेलाची बाटली आणि फडकं घेऊन ओसरीत बसलो, आणि लक्षात आलं की आता घरात मी एकटाच आहे! सोमवारी सकाळी ठाण्यात हजर. (कोणतं ठाणं ते विचारू नका. हवालदारांची पेन्शन अजून व्हायची आहे.)

"त्या खोलीत ओल तं नाही ना?" मी हवालदारांना विचारलं.

"काका, बंदूक जमा केली तुमी. बाळंतीण नाही!"

मंगळवारी गेलो. बुधवारी गेलो. गुरुवारी हवालदारांनी हात टेकले. "येवढा जीव लागला असन तं बसा पुसत इथंच. अन लगे हात बाकीच्याही पुसून टाका!"

अकरा बंदुका व्हरांड्यात आल्या. माझ्यासाठी सतरंजी आली. चहा आला! लग्नात जावई म्हणून बसलो होतो तेव्हाही मला एवढा मान मिळाला नव्हता. मी रोज जाऊ लागलो. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, नोकरीत होतो तेव्हासुद्धा कधी गेलो नाही इतका वेळेवर.

वडिलांचा एक दंडक होता. एक बंदूक जुळवून झाल्याशिवाय दुसरी खोलायची नाही. मी तो जन्मभर पाळला. (बंदूक एकच होती, त्यामुळे फारसं जड गेलं नाही.) पण त्या अकरांत माझ्या बंदुकीची जुळी बहीण निघाली. तोच कारखाना, तीच बनावट. मालक कोण तर नामदेवराव, दहा कोसांवरच्या गावचे, मी कधी न पाहिलेले. दोघी शेजारी शेजारी खोलून ठेवायचा मोह मला आवरला नाही. आणि नेमकं तेव्हाच एका शिपायानं विचारलं, "काका, यानं खरंच बदकं पडत व्हते काय?"

झालं! मी वडिलांचा किस्सा काढला. पहाटेचं धुकं, छातीभर पाणी, माथ्यावरून बदकांचा थवा. दोन शिपाई ऐकत होते, हवालदार ऐकत होते, आणि शेजाऱ्यानं बकरी मारली म्हणून तक्रार द्यायला आलेली एक बाई बकरी विसरून ऐकत होती.

"मंग?" ती म्हणाली. "मंग काय झालं?"

सहा वर्षांनी मला कोणीतरी 'मंग' विचारत होतं हो! माझी जीभ सुटली. हात आपले आपले काम करत होते, त्यांच्याकडे कोण बघतो? तिसरं बदक पाण्यात पडलं, बाईनं टाळी वाजवली, आणि दोन्ही बंदुका जुळून तयार! खटाक, खटाक.

निकाल लागला, ज्याच्या त्याच्या बंदुका परत गेल्या. महिनाभरानं नोटीस आली : सोमवारी परवाना तपासणी, बंदूक घेऊन हजर राहणे. मी परवाना काढून नंबर ताडून पाहिला. बंदुकीच्या अंगावरचा जुळला. नळीवरचा जुळेना! चष्मा पुसला. मग नळी पुसली. मग कपाळावरचा घाम पुसला. माझ्या बंदुकीला नळी नामदेवरावांची होती.

परवाना रद्द म्हणजे बंदूक गेली. बंदूक गेली की 'इथं काय करता' याचं होतं नव्हतं उत्तर गेलं. मग पुण्यात वैशूच्या सातव्या मजल्यावर बसून लिफ्टचा आवाज ऐकायचा! ठाण्यात जाऊन कबूल करावं, तर भले हवालदार गोत्यात. शेवटी कुठून कुठून नंबर मिळवून नामदेवरावांनाच फोन लावला.

"नामदेवराव, तुमची नळी माह्याकडं आली."

मला वाटलं, आता शिव्यांची लाखोली सुरू. पण पलीकडून आवाज आला, "अस्सं! मंग या ना घेऊन. कवा येता? जेवाले याल ना?"

नळी प्लास्टिकच्या पाइपात घातली आणि दोन्ही तोंडांना चिंध्या कोंबून गुरुवारी एसटीत चढलो.

"काका, हे काय व्हय?" कंडक्टरनं विचारलं.

"पाइप."

"ते दिसून राह्यलं. येवढा छातीशी कायले धरला? ठेवा ना खाली!"

"नाही, तो... नवा आहे."

कंडक्टरनं मला बसायला जागा करून दिली. बहुतेक डोक्यावर परिणाम झालेल्यांना देतात तीच.

नामदेवराव फाट्यावर येऊन उभे होते. इस्त्रीचा सदरा. घर भलंमोठं, ओसरीत एक बाज, दांडीवर एक धोतर, मोरीजवळ उपडी घातलेली एक थाळी आणि एक पेला. ते पाहून मला आमचं घर आठवलं. माझी नळी त्यांनी धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ठेवली होती. तेल मी लावतो त्याहून चांगलं लावलं होतं! नंबर ताडले, नळ्या बदलल्या. दहा मिनिटांत काम खलास.

"मले तं पह्यल्याच दिवशी समजलं व्हतं," नामदेवराव म्हणाले.

"मंग ठाण्यात काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं शिपाई येऊन घेऊन गेला असता." त्यांनी चहा बशीत ओतला. "म्हटलं, ज्याची आहे तो येईनच कधीतरी."

काम संपलं होतं. मी पाइप उचलला. "बरं, निघतो आता."

"कसे निघता? बस गेली ना!"

"गेली?"

"शेवटचीच व्हती."

दुपारचे दोन वाजले होते. तेवढ्यात समोरच्या रस्त्यावरून एक एसटी चांगली हॉर्न वाजवत गेली. आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

"अरेरे," मी म्हणालो. "चुकली म्हणा." आणि पाइप खाली ठेवला.

सोमवारची तपासणी नीट पार पडली हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा. पण त्याआधी शनिवार आला. मी बाजेवर बसून वडिलांचा किस्सा चौथ्यांदा सांगत होतो, नामदेवराव भाकरी थापता थापता 'मंग?' म्हणत होते (त्यांच्या वडिलांनी एका बारात सात बदकं पाडली होती, मी काही बोललो नाही, पाहुणा होतो), आणि वैशूचा फोन आला.

"बाबा, कुठं आहात तुमी? शेजारच्या काकू म्हणे तीन दिवसांपासून कुलूप आहे!"

"एका मित्राकडं आलो व्हतो. अडकलो. बसच नाही."

तिनं गावाचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी मोबाईलवर पाहून राह्यली. दिवसातून सहा बस आहेत तिथून."

"आहेत ना व बाई," मी म्हणालो. "पण साऱ्या आपल्या घराकडंच जातात!"