समईची काजळी

देव्हारा हलवल्यावर भिंतीवर समईच्या काजळीचा डाग उरला. घरमालक म्हणाला, "काका, खोली सोडण्याआधी तेवढं रंगवून द्या."

देव त्याचेच. आईला फ्लॅटवर नेताना त्याने पलंग, कपाट नेलं आणि कुळाचे चांदीचे टाक इथेच ठेवले. "तिकडे जागा नाही, तुम्ही फूल वाहत जा." माझ्या बायकोने वाहिलं, तिच्यामागे मी. आता आई गेल्यावर तो टाक नखाने खरवडून बघत होता. "बदलले नाहीत ना कोणी?"

माणसं देव अडगळ म्हणून टाकतात आणि चांदी म्हणून शोधत येतात!

एका नवरात्रात म्हातारी रिक्षा करून घट बसवायला आली होती. "आईला आत घेऊ नका, परत यायला तयार होत नाही," असं त्याने बजावलेलं. जागा जाईल म्हणून मी दार अडवून उभा राहिलो. "देव बरे आहेत ना?" तिने विचारलं, आजारी लेकराची चौकशी करावी तसं.

आज हे सगळं मी त्याला तोंडावर सांगितलं. म्हटलं, "रंग तूच लाव."

"जुनं कशाला उकरताय, काका?"

जुनं? त्या काजळीला बोट लावलं, तर अजून काळं होतं. त्याचंही, माझंही.