दोन शाळांच्या मधे अडकलेली मुलगी

मंडळी, आज दुपारी माझी मुलगी दोन शाळांच्या मधे हरवली.

आम्ही घर बदललं, म्हणून तिचं नाव त्याच संस्थेच्या कर्जतच्या शाळेतून खालापूरच्या शाळेत आणायचं होतं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा आज शेवटचा दिवस, आणि नाव इथल्या पटावर आल्याशिवाय तो भरता येत नव्हता. खालापूरच्या ऑफिसात क्लार्क मुल्लाबाईंनी संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी माहिती भरली, बटण दाबलं आणि स्क्रीन अडकली. पुन्हा उघडली तर भरलेलं सगळं गायब. कर्जतच्या पटावरून नाव गेलं होतं, इथे आलंच नव्हतं.

"म्हणजे मी कुठल्याच शाळेत नाय?" कन्या भलतीच खूश.

"एकीकडून काढायचं नि दुसरीकडे घालायचं, दोन्ही एकदम व्हायला पायजे, नायतर एकपण नको," बाई कडाडल्या. "येवढी अक्कल नाय हे बनवणाऱ्याला?"

बाईंनी हेल्पलाइनला फोन लावला.

माझा खिसा वाजला. बनवणारा मीच, आणि हेल्पलाइन म्हणजे माझाच मोबाइल.

"बाबा, उचला ना," कन्या म्हणाली. "बाईंचाच हाय."

बाईंनी शांतपणे आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा. नाव येईस्तोवर उठायचं नाय."

साडेचारला नाव आलं, फॉर्मही भरून झाला. तोवर 'कृपया पुन्हा प्रयत्न करा' हे माझंच वाक्य मी अकरा वेळा वाचलं.

तुम्ही कधी बसलात का, आपल्याच कामाच्या दुसऱ्या टोकाला?