आगटेकाका आणि सतरा नंबरचा खांब

आगटेकाका कुठल्याही वस्तूवर बोटाच्या पेराने वाजवून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नसत. माझी सेकंडहँड गाडी असो, गणपतीसाठी भाड्याने घेतलेल्या हॉलमधलं टेबल असो. एकदा वाजवलं म्हणजे पास, दोनदा म्हणजे अजून मेहनत हवी, तीनदा म्हणजे काढून टाका. त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा काकूंच्या चकलीवर त्यांनी दोनदा वाजवलं. काकूंनी मुकाट्याने ताटलीच उचलून नेली.

ही खूण त्यांनी कारखान्यात उचलली होती. न्यू जर्सीतल्या आमच्या गावाबाहेर महायुद्धात बॉम्बर विमानं बनवणारा एक अवाढव्य कारखाना होता. पुढे तिथे फ्रिज बनू लागले आणि साठच्या दशकात काका तिथे तयार माल तपासणारे इन्स्पेक्टर म्हणून लागले. या परक्या माणसाबरोबर डबा खायला कोणी बसेना. बसली ती एकटी डोरोथी. युद्धात ती विमानाच्या पत्र्यात रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, ठोकायची आणि पत्र्यापलीकडे तिची जोडीदारीण लोखंडी ठोकळा धरून बसायची. त्या गोंगाटात बोललेलं ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून पलीकडची पत्र्यावर वाजवून सांगायची. तीनदा वाजलं की रिव्हेट बिघडलं, काढून टाक.

"विमानं किती झाली ते कंपनीच्या पुस्तकात आहे रे," काका म्हणायचे. "ती केली कोणी, ते नाही. युद्ध संपलं तसं बायकांना थँक्यू म्हणून घरी पाठवलं. डोरोथी परत आली ती कँटीनमध्ये ट्रे उचलायला."

त्या बायकांची नावं एकाच ठिकाणी होती. शेवटच्या दिवशी त्यांनी विमानाच्याच हिरव्या रंगाने ती सतरा नंबरच्या खांबावर लिहिली होती. पुढे तिथे एक कपाट आलं, त्यामागे ती नावं शाबूत राहिली.

ऐंशीच्या दशकात फ्रिजही बंद पडले आणि कारखान्याचा मॉल करायचं ठरलं. मी पिस्कॅटवेच्या कॉलेजात शिकून नुकताच, ते काम घेतलेल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात लागलो होतो. एका रविवारी काका घरी आले.

"खांब रंगवू नका, एवढी एक ओळ ड्रॉइंगवर टाक. डोरोथी नर्सिंग होममध्ये आहे. ओपनिंगला तिला घेऊन येणार आहे मी, तसं प्रॉमिस केलंय."

"टाकतो की काका, त्यात काय," मी म्हणालो. टाकलीही.

मीटिंगमध्ये साहेबाने ओळीवर बोट ठेवलं. "हे कोणी लिहिलं? याला मॉलवाल्यांची परवानगी लागेल, आठवडा जाईल." माझ्या ग्रीन कार्डाचे कागद त्याच्या सहीसाठी टेबलावर पडले होते. त्याने धमकी वगैरे काही दिली नाही. घाबरायला मला दुसऱ्या कोणाची गरज लागत नसे. "चुकून राहिलंय," म्हणालो आणि सगळ्यांदेखत खोडरबराने ओळ पुसली. नंतर काकांनी दोनदा विचारलं, काम झालं ना? दोन्ही वेळा मी हो म्हणालो.

ओपनिंगला काका डोरोथीची व्हीलचेअर ढकलत आले. तिने लिपस्टिक लावली होती. सतरा नंबरचा खांब बुटांच्या दुकानासमोर उभा होता, वरपासून खालपर्यंत गुळगुळीत क्रीम रंगात. "कुठे आहे माझं नाव?" तिने विचारलं आणि रंगावरून तळहात फिरवत राहिली. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"काँट्रॅक्टरने घोळ केला असणार," मी म्हणालो. निर्लज्जपणाला काही सीमा असते, मला ती सापडली नव्हती.

काही महिन्यांनी ग्रीन कार्ड आलं. ते शर्टाच्या खिशात घालून, पेढ्यांचा डबा घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"गावाच्या बिल्डिंग खात्यात जाऊन तुझं ड्रॉइंग पाहून आलो," ते म्हणाले. "पुसलेली ओळ कॉपीतसुद्धा पुसट उमटते. मी जन्मभर इन्स्पेक्शनच केलंय."

मी डबा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"डोरोथी मंगळवारी गेली," म्हणाले.

मग त्यांनी हात पुढे केला, माझ्या खिशावर पेराने तीनदा वाजवलं आणि दार लावून घेतलं.