काळ्या चहावरची बिडी

मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, माफ करा. पण वसतिगृहात कोणी काळ्या चहासोबत बिडी ओढली, की नांदुऱ्याचं स्टेशनजवळचं हॉटेल आठवतं. तीन वर्षांपूर्वी कॉलेजला निघालो, तेव्हा अमडापूरचे मामा पोचवायला आले होते. बिडी पुढे करून म्हणाले, "ताकावर तंबाखू, काळ्या चहावर बिडी. दुधाच्या चहानं चव मरते. घे बे, लाजतो काऊन?"

आमच्याकडे भाचा मामासमोर बिडी ओढत नाही. परीक्षा घेत असतील असं वाटून मी नको म्हणालो. त्यांचा हात तसाच राहिला. ते मला बरोबरीचा मान देत होते, हे गाडीत कळलं. त्या लाजेनं पुढे अमडापूरला गेलोच नाही.

काल मामींनी कोणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र आलं: "तवापासून ह्यांनी बिडीले हात नाई लावला. भाचा शिकून राह्यला, त्याले आवडत नाई, म्हणतात."