बियाण्याच्या डब्यातला तुकडा

माझ्या नाकावर राग आहे हे आमच्या गिरीज गावच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा मात्र त्याला राग म्हणत नाहीत, घाई म्हणतात. ‘बायला घाई झालीय,’ असं लेकीबद्दल म्हणायचं आणि वाडीत निघून जायचं. जन्मभर केळी, पानवेल आणि भाजीपाला केलेल्या माणसाला दुसऱ्याचा राग वाळत घालता येतो, तसं त्यांचं आहे.

मी पीएच.डी. करत होते. काम काय, तर तीन-चार भुकट्या खलून, दाबून, भट्टीत भाजून एक काळी चकती करायची. दिसायला फुटक्या कौलासारखी. पण शून्याखाली एकशे ऐंशी अंशांपलीकडे थंड केली की तिच्यातून वीज अडथळ्याशिवाय वाहते. रोध उरतच नाही. मला बघायचं होतं ते पुढचं: ती थंड चकती जोरदार चुंबकात ठेवली आणि हळूहळू ऊब दिली, तर तो रोध कधी आणि कसा परत येतो.

पहिली चकती भट्टीतून निघाली ती वाकडी, आणि काढताना अर्धी तुटली. चालत मात्र होती. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून तिच्यावर छोटं चुंबक धरलं, तर पठ्ठं अधांतरी राहिलं. मी कॉलेजात अक्षरशः नाचले. पण मोजमापाला असलं वाकडंतिकडं कोण घेणार! उरलेला अर्धा तुकडा घरी आणला आणि बाबांना दाखवून म्हटलं, टाकूनच देणार होते. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, कागदात गुंडाळला आणि आत घेऊन गेले. मी विसरूनही गेले.

मग चार चकत्या मन लावून केल्या. मोठं चुंबक असलेल्या मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत कित्येक महिने थांबून दोन दिवस मिळाले होते, सोमवार आणि मंगळवार. ते हुकले तर शेवटचं प्रकरण राहणार होतं आणि प्रबंधाची मुदत त्याच महिन्यात संपत होती. शनिवारी चकत्यांची डबी घरी आणली. जेवताना बाबांनी विचारलं, याला काय जपावं लागतं? मी भात कालवत म्हटलं, याचं सगळं काम थंडीत, ऊब लागली की खेळ खलास. बस, मी एवढंच बोलले. ओल लागता कामा नये, हे सांगायचं राहिलं.

सोमवारी प्रयोगशाळेत डबी उघडली आणि मी थिजलेच. ओल शोषणाऱ्या पुड्या काढून बाजूला ठेवलेल्या. चारही चकत्या केळीच्या ओल्या सोपटात, खोडाच्या सालीत, नीट गुंडाळलेल्या, वर सुतळीची गाठ. आमच्याकडे विड्याची पानं बाजारात धाडायची तर अशीच बांधतात, खोडाचं सोपट भिजवून, म्हणजे वाटेत उन्हानं कोमेजत नाहीत. बाबांनी माझा माल बांधून दिला होता. दीड दिवस ओलीत राहून चकत्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड आली होती. तरी एकीला तारा जोडून बघितल्या. रोध थोडा उतरला आणि मध्येच अडून बसला. दुसरीचंही तेच.

मी घरी फोन लावला आणि तोंड सोडलं. तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं होतं, माझ्या सगळ्या वर्षांची माती केलीत, असलं काय काय बोलले. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. शेवटी बाबांनी एवढंच विचारलं,

“कोरडं ठेवायला हवं होतं?”

हो, म्हणून मी फोन आपटला. रडलेसुद्धा, संडासात जाऊन.

दुपारी फाटकावरच्या पहारेकऱ्याचा निरोप आला, कुणी आजोबा बसलेत. जाऊन बघते तर बाबा: पांढराशुभ्र सदरा, पायात चपला, हातात पिशवी. पिशवीत पहारेकऱ्यासाठी सुकेळी, उन्हात सुकवलेली घरची केळी, आणि खाली पत्र्याचा डबा. तो आमच्या घरातला बियाण्याचा डबा होता. दुधी, वाल, पडवळ, कोरड्या राखेत ठेवलेलं सगळं. त्याला दमट हात लावला तर आईसुद्धा ओरडा खायची. राखेतून त्यांनी कागदाची पुडी काढली. आत माझा वाकडा तुकडा, निघाला तेव्हा होता तसाच काळा.

प्रयोगशाळेतल्या सरांनी बाबांना आत बसू दिलं. तुकड्यावर चार ठिकाणी चांदीचा लेप लावून तारा जोडल्या. पडद्यावर रेघ हळूहळू उतरत आली आणि ठरल्या जागी धाडकन शून्यावर पडली. मग चुंबक चालू केलं. आता रेघ त्याच उंचीवरून सुटली, पण शून्याला पोचता पोचता रेंगाळायला लागली. चुंबक वाढवलं की आणखी रेंगाळायची, आणखी थंडी मागायची. मला हेच हवं होतं.

बाबांनी विचारलं, असं का? मी म्हटलं, चुंबकाचे बारीक धागे आत घुसतात. थंडी असली की ते जागच्या जागी बांधलेले असतात. ऊब वाढली की गाठी सैल होतात, धागे हलायला लागतात आणि वीज अडते. मांडवावरचा वेल वाऱ्यानं सुटतो ना, तसं. त्यांनी मान डोलावली. सुतळी तर मी घट्टच बांधली होती, म्हणाले. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू.

मंगळवारी काम संपवून घरी आल्यावर तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. फोनवरच्या बोलण्याबद्दल माफी मागायची होती, पण मेला शब्द काही फुटेना. म्हणून भलतंच विचारलं, चांगल्या चकत्या ओल्यात बांधल्यात, आणि हा टाकाऊ तुकडा बियाण्यात कसा?

ते माझ्याकडे बघतच राहिले, एवढं साधं कसं कळत नाही म्हणून.

“त्या बाहेर धाडायच्या होत्या. हे तुझं पहिलं होतं ना, बाय. पहिलं फळ बियाला ठेवतात.”

आणि तुकडा कागदात गुंडाळून त्यांनी परत राखेत ठेवला.