हळदीची साक्ष

नंदा मगदूम दिवसभर कॅथेटर गळत नाहीत यावर सह्या करते. अकरा वर्षांत तिच्या टेबलावरून एक गळकी नळी पुढे गेलेली नाही. आणि याच बाईच्या गाडीच्या काचेवर, आयर्लंडमधल्या सँडीफोर्डच्या तिच्या बिल्डिंगच्या तळघरात, नोटीस चिकटली: आपल्या गाडीतून सामाईक फरशीवर पाणी गळते, शुक्रवारपर्यंत न थांबल्यास गाडी उचलून नेऊ.

गाडी एकोणसत्तर सालची, मोरपंखी, गोल डोळ्यांची. घर भाड्याचं, सोफा मालकाचा, कपाटातल्या बशासुद्धा मालकाच्या. या देशात नंदाच्या स्वतःच्या नावावर एवढी एकच वस्तू, आणि ती उचलायला निघाले.

गाडी रोज लिटरभर पाणी पीत होती, हे खरं. साधं पाणी ओतून ओतून कूलंटचा रंगही उडाला होता, त्यामुळे फरशीवरचं पाणी कुणाचं ते बघून कळेना. नंदानं रेडिएटर तपासला, पाइपांच्या क्लिपा आवळल्या, इंजिनाखाली ट्रे टांगला. ट्रे कोरडा, फरशी ओली.

"गाडी गळत नाही," तिनं मॅनेजर इमनला सुनावलं. "तुमची बिल्डिंग गळते."

"नॅन्डा, गाडीतलं पाणी कमी होतंय, फरशीवरचं वाढतंय," इमन म्हणाला. "याला चौकशी कशाला लागते?"

असल्या गोड बोलण्यानंच तिचं डोकं फिरायचं. बिल्डिंगची लिफ्ट महिनाभर बंद होती तेव्हाही हा माणूस 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे सगळं छान, म्हणत फिरत होता.

सांगलीहून आलेली आई, लीलावती, हे ऐकून म्हणाली, "हळद टाक की त्यात. तुझं बाबा ट्रक न्यायचं तवा संगं पुडी असायचीच. भोक बुजतंय."

"बुजलं तर बरंच. नाही बुजलं तर पिवळं गळेल, आणि पिवळं तेवढं माझं."

"आन् न्हाई गळलं तर पानी जातंय कुठं?"

नंदा चार चमचे हळद मोजत बसली.

घरोघरी चिठ्ठ्या गेल्या: शुक्रवारी सकाळी आठला गळतीची जाहीर तपासणी. लुआस ट्राम पकडायच्या आधी सोळा माणसं कॉफीचे कप घेऊन तळघरात जमली. फरशी पुसून कोरडी केली. रेडिएटरमध्ये हळद पडली. नंदानं इमनला शेजारच्या सीटवर बसवलं, कारण साक्षीदार आत हवा. बाहेर थंडी, म्हणून हीटर फुल सोडला आणि चौकापर्यंत चक्कर मारून आणली. काचा नेहमीसारख्या आतून धुरकटल्या, नेहमीसारखा ओलसर वास आला. आयर्लंडची हवाच ओली, हे नंदाचं दोन वर्षांपासूनचं निदान.

जागेवर येऊन सगळे पंधरा मिनिटं थांबले. इमन आतच बसला, उबेला.

गाडीखाली पाणी आलं. नंदानं पांढरा टिश्यू टेकवला आणि वर धरला. पांढराच. मग बॅटरीच्या उजेडात सगळ्यांना दाखवलं, पाणी खांबामागच्या पाइपातून झिरपून उतारानं गाडीखाली येत होतं. टाळ्या पडल्या.

"लिहून द्या," नंदा म्हणाली.

इमननं कागद मांडीवर घेऊन लिहून दिलं: गाडीमुळे सामाईक फरशीवर गळती नाही. सही केली आणि खाली उतरला.

त्याचे मोजे घोट्यापर्यंत पिवळेजर्द होते.

रेडिएटरचं गरम पाणी ज्यात फिरतं तो हीटरच गळत होता, थेट आत, साक्षीदाराच्या पायांवर. लीलावती पुढे झाली आणि नीट बघून म्हणाली, "अगं बया, नवरदेवागत हळद लागली की ह्याला."

"नॅन्डा," इमन म्हणाला, "ही गळतीच आहे."

"आहेच." नंदानं सहीचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "पण तुमची नोटीस वाचा. सामाईक फरशी म्हटलंय. गाडीच्या आतली फरशी माझी. तिथं काय गळावं ते मी बघेन."

इमननं नोटीस दोनदा वाचली. मग खांबाला टेकून त्यानं मोजे काढले आणि पिळले. पिवळी धार सामाईक फरशीवर पडली.

नंदानं फोटो काढून घेतला.