दुसऱ्या फेरीपुरतं

गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी दोह्यातल्या आमच्या घरी जेवायला चौघं होतो: मी, माझी बायको सुनीता, माझा मित्र श्रीकांत आणि मेधावहिनी. त्यांची मुलगी इरा बारावीच्या अभ्यासासाठी घरीच थांबली होती, म्हणून सुनीताने तिच्यापुरत्या पुरणपोळ्या स्टीलच्या डब्यात भरून दिल्या. पुढच्या मंगळवारी श्रीकांत वेस्ट बेमध्ये, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीतच गेला. हृदयविकाराचा झटका. वय एकावन्न. आम्ही त्यांच्या घरी धावलो तेव्हा तो डबा ओट्यावर धुऊन पालथा घातलेला होता...

श्रीकांत नाशिकचा, विमानांचा इंजिनिअर. मी ऑडिटर. ‘अंदाजे’ हा शब्द दोघांनाही सहन होत नसे, त्यावरूनच मैत्री जमली. त्याची कंपनी एका परदेशी नौदलासाठी वैमानिकाशिवाय उडणारं टँकर विमान तयार करण्याच्या कामात होती. विमानवाहू जहाजावरून उडायचं, आकाशातच लढाऊ विमानांना नळीने इंधन द्यायचं आणि जहाजावर परतायचं. कामाबद्दल तो फारसं बोलत नसे. त्या शुक्रवारी मात्र बोलला. जहाजाच्या डेकवर उतरताना विमानाचा हूक आडव्या तारेत अडकवावा लागतो. नाही अडकला तर पुन्हा वर जाऊन फेरी मारायची. श्रीकांतने परतताना अशा दोन फेऱ्यांपुरतं इंधन राखून ठेवायला सांगितलं होतं. वरिष्ठांना एकच फेरी हवी होती, म्हणजे इतर विमानांना द्यायला जास्त इंधन उरतं. आत माणूसच नाही, बुडालं तर यंत्र बुडेल, असं त्यांचं म्हणणं.

“यंत्र बुडू दे रे,” श्रीकांत म्हणाला. “पण शेवटच्या थेंबावर उतरवायला गेले आणि डेकवर आदळलं तर? तिथे पोरं उभी असतात. आणि वर ज्यांची टाकी संपत आलीय, त्यांनी उतरायचं कुठे?”

एका फेरीच्या या नव्या आकड्यावर त्याने सही करावी, असा वरिष्ठांचा आग्रह होता. नाही केली तर करार वाढणार नव्हता, आणि करार नाही तर इथे राहण्याचा परवाना नाही. इराचं वर्ष मध्येच तुटलं असतं. “ह्यांना डेकवरची पोरं दिसतात,” वाढता वाढता मेधावहिनी म्हणाल्या, “घरातली दिसत नाही.” मी सुचवलं, सही कर आणि खाली तुझा आक्षेप लिहून ठेव.

“विनायक, शेरा उडत नाही रे. आकडा उडतो.”

दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्या दोन्ही घरांची रीत. घाई असली की मेधावहिनी चमचाभर साखर कागदात बांधून टाकत. श्रीकांत मागून येऊन आणखी एक पुडी टाके. एक सांडली तर, म्हणे. तुमच्या साखरेवर आमचा चहा चालतो भाऊजी, असं सुनीता त्याला चिडवायची.

त्याने सही केली नाही. भेटायला आलेल्या त्याच्या सहकाऱ्याने सोफ्याच्या कडेला बसून खाली मान घालून सांगितलं, की तेराव्याच्या आतच दुसऱ्या कुणीतरी केली. एकच फेरी. श्रीकांतचं बरोबर होतं का, हे मला पडताळता येत नाही. ते आकडे माझ्याकडे नाहीत. शिवाय लढाऊ विमानांनी आणखी लांब जावं म्हणूनच तर ते सगळं काम होतं. जाऊन काय करावं, हे आम्ही दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही... नाशिकला परतायचं सामान बांधताना इराने मला विचारलं, “काका, ही कुड हॅव जस्ट साइन्ड, ना?” मेधावहिनींनी पेटीवरून मान वर केली नाही. मी पुढचं खोकं ओढून चिकटपट्टी लावायला घेतली.

कंपनीकडून येणं होतं ते वहिनींच्या खात्यात जमा झालं. मी दोनदा तपासलं, बरोबर होतं. त्याच रात्रीच्या विमानाने दोघी नाशिकला गेल्या. निघताना वहिनींनी आमचा डबा सुनीताच्या हातात दिला. घरी येऊन उघडला. आत साखरेच्या दोन पुड्या होत्या.